जुनी पिकअप: बोलीचा भाव आणि किलोमीटरचा भाव

२२ सप्टेंबर २०२५ रोजी मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करासह १० लाखांना मिळणाऱ्या पिकअपची करापूर्वीची किंमत होती ७,८१,२५० रुपये. नव्या दराने तीच गाडी ९,२१,८७५ रुपयांना पडते. एका रात्रीत ७८,१२५ रुपये, म्हणजे ७.८ टक्के, कमी झाले. नव्याचा भाव उतरला की जुन्याचाही उतरायला हवा. त्याच प्रमाणात पाच लाखांची जुनी गाडी ३९,००० रुपयांनी खाली यायला हवी. पण विकणाऱ्याचा भाव बहुतेक वेळा शेजारच्या गावात गेल्या वर्षी कुणाची गाडी कितीला गेली, यावर बेतलेला असतो. घासाघीस सुरू करायला ३९,००० हा आकडा चांगला आहे.

तरीही स्वस्त-महाग ठरवायला तो पुरत नाही. जुनी घ्यावी की नवी, हे गाडी महिन्याला किती किलोमीटर पळणार यावर ठरतं. एजंट हा प्रश्न विचारत नाही, कारण त्याचं कमिशन किलोमीटरवर नसतं.

हिशेब मांडून पाहू. खालचे भाव आणि खर्च समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने तिथे आपले आकडे घालावेत. नवी पिकअप रस्त्यावर येईपर्यंत १०.५ लाख, त्यात ८ लाखांचं कर्ज, १० टक्के घटत्या शिलकीवर, पाच वर्षं. हप्ता जवळपास १७,००० रुपये, एकूण व्याज २.२ लाख, म्हणजे वर्षाला ४४,०००. पाच वर्षांनी ती साडेपाच लाखांना गेली तर घट वर्षाला १ लाख. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा नव्या गाडीला जास्त लागतो, तो २०,००० धरू. वर्षाची बेरीज १,६४,०००.

आता आठेक वर्षांची जुनी. किंमत ४.५ लाख, घेतल्या घेतल्या ७५,००० चं काम. ३ लाखांचं कर्ज १५ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी. हप्ता १०,४००, व्याज ७४,००० च्या वर, पाच वर्षांत वाटलं तर वर्षाला १५,०००. पाच वर्षांनी सव्वादोन लाख आले, तर सव्वापाच लाखांवर घट ३ लाख, वर्षाला ६०,०००. नुकसानीचा विमा ६,०००. बेरीज ८१,०००. दोन्हीकडे घरून घालायचे पैसे अडीच आणि सव्वादोन लाख, म्हणजे जवळपास सारखेच, म्हणून त्यांचं व्याज सोडून दिलं आहे. थर्ड पार्टी विम्याचा हप्ताही सोडला, कारण तो गाडीच्या वयावर नसतो. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला २०२२ मध्ये ठरलेला दर १६,०४९ रुपये आहे. त्यावर ५ टक्के जीएसटी धरून १६,८५१. नव्यालाही तेवढाच, जुन्यालाही तेवढाच.

म्हणजे जुनी गाडी नुसती दारात उभी राहिली तरी वर्षाला ८३,००० रुपये वाचवते. हे वाचलेले पैसे ती पळताना परत घेते. नवी लिटरला १३ किलोमीटर देते आणि जुनी ११, असं धरलं, डिझेल ९० रुपये, तर किलोमीटरमागे १ रुपया २६ पैसे जास्त. दुरुस्ती किलोमीटरमागे आणखी २ रुपये. एकूण ३.२६. त्याशिवाय गाडी गॅरेजात अडकली की भाडं बुडतं. वर्षाला असे दहा दिवस आणि दिवसाला १,५०० धरले तर १५,००० गेले. ८३,००० मधून ते वजा केले की उरतात ६८,०००. त्याला ३.२६ ने भागलं की येतात वर्षाला २०,८५९ किलोमीटर, महिन्याला साधारण १,७४०.

हा बरोबरीचा आकडा. बाजार समितीपर्यंत दिवसाआड जाणारा शेतकरी, गावातला हार्डवेअरवाला, मंडपवाला, महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर करणारा असेल, तर जुनी पिकअप त्याच्या फायद्याची. नारायणगाव ते वाशी रोजची फेरी मारणाऱ्या किंवा कुरियरचं कंत्राट घेतलेल्या माणसाला जुनी गाडी स्वस्त पडते हा भ्रम आहे. त्याने जुनी घेतलीच, तर त्याला पैशांपेक्षा जास्त डोकेदुखी मिळेल, आणि पैसेही वाचणार नाहीत.

हप्त्याबाबत एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. जुन्या गाडीचं कर्ज देणारे पुष्कळदा ‘फ्लॅट’ दर सांगतात. फ्लॅट १० टक्क्यांनी ३ लाखांवर तीन वर्षांचं व्याज ९०,०००, हप्ता १०,८३३. ऐकायला वरच्या १५ टक्क्यांपेक्षा स्वस्त, प्रत्यक्षात हप्ता ४३३ रुपयांनी जास्त. घटत्या शिलकीच्या हिशेबात हा दर वर्षाला १८ टक्क्यांच्या जवळ जातो. दर विचारू नये. हप्ता आणि हप्त्यांची संख्या विचारून गुणाकार करावा.

आठ वर्षांची गाडी मुद्दाम धरली आहे, कारण नियमांनी त्या वयावर रेघ मारली आहे. मालवाहू गाडीचं फिटनेस, आपल्या भाषेत पासिंग, आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी होतं, त्यानंतर दरवर्षी. महाराष्ट्रात पर्यावरण कराचा भारही त्याच वयानंतर येतो. त्यामुळे सात-साडेसात वर्षांच्या गाड्या बाजारात जास्त दिसल्या तर नवल नको. पुढची रेघ १५ वर्षांची होती: १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या हलक्या मालवाहू गाडीच्या फिटनेस नूतनीकरणाचं शुल्क ७,५०० रुपये झालं. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने वाढीव शुल्काची सुरुवातच १० वर्षांवर आणली आणि २० वर्षांवरच्या हलक्या गाडीला १५,००० रुपये लावले. बारा-तेरा वर्षांची गाडी ‘दोन लाखांत मिळतेय’ म्हणून घेणाऱ्याने हे शुल्क किमतीत मिळवूनच बोली लावावी.

वयाचा दुसरा अर्थ इंजिनात आहे. देशभर बीएस-४ लागू झालं १ एप्रिल २०१७ ला, बीएस-६ १ एप्रिल २०२० ला. बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. गाडी सतत गावातल्या गावात, कमी वेगात चालली की तो तुंबतो आणि बदलायचा खर्च अंगावर येतो. गावातल्या मेकॅनिकच्या हाताला बीएस-४ अजून जवळचं वाटतं. कमी पळणाऱ्या माणसाला माझं मत विचाराल, तर २०१७ ते मार्च २०२० मधली, एका हातात राहिलेली गाडी.

आता वजन. पिकअप जन्मल्या दिवसापासून आरसीवरच्या आकड्यापेक्षा जास्त उचलत आलेली असते, हे धरूनच चालावं. टोमॅटोचं क्रेट २० किलोचं, प्लॅस्टिकसकट २२ धरा. १.७ टनांच्या गाडीत नियमाने ७७ क्रेट बसतात. १०० लावली की २,२०० किलो, म्हणजे पाचशे किलो जादा. त्यात मालकाने उंच लोखंडी जाळी आणि जाड पत्र्याचा हौदा बसवला असेल, तर त्याचं वजनही याच १.७ टनांतून जातं. मोटार वाहन कायद्यात जादा भाराचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००. दंड तरी एकदा भरून सुटतो. चासीवरचा ताण सुटत नाही.

म्हणून गाडी बघायला गेल्यावर आधी खाली वाकावं. मागच्या पाट्यांची संख्या दोन्ही बाजूंना मोजा. एक पाटा जादा घातलेला दिसला, तर गाडीचं पूर्वायुष्य कळलं. केबिनच्या मागे, जिथे हौदा सुरू होतो, आणि पाट्याच्या हँगरजवळ चासीवर हात फिरवा. वेल्डिंगचा उंचवटा लागला किंवा तेवढ्याच भागावर नवा काळा रंग असला, तर घरचा रस्ता धरावा. इंजिन बांधता येतं, चासी बांधता येत नाही. कोकणातली, मासळी वाहिलेली गाडी असेल, तर बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या फटींतून खाली गेलेलं असतं. फाळक्याच्या बिजागऱ्या आणि हौद्याखालच्या आडव्या पट्ट्या स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहायच्या. पापुद्रा निघाला की पत्र्याचा खर्च वेगळा.

इंजिन थंड असताना सुरू करायला लावा. आपण पोहोचेपर्यंत बोनेट गरम असेल, तर मालकाने आधीच उपकार करून ठेवलेला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जावं. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून उलटं जागेवरच ठेवायचं. थोडं थरथरलं तर चालतं. उडून पडत असेल, तर रिंगा गेल्या, कॉम्प्रेशन खाली जातंय. इंजिनाचं काम ८०,००० चं निघालं तर पाच वर्षांत वर्षाला १६,००० वाढले. मग ६८,००० चे ५२,००० होतात आणि बरोबरीचा आकडा १,७४० वरून १,३३० किलोमीटरवर येतो. एक झाकण एवढं सांगतं.

टायरची जाडी सगळे बघतात, वय कुणी बघत नाही. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’पासून सुरू होणाऱ्या अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर आणि आकडा असा जुना असेल, तर रबर कडक झालेलं असतं. भार भरून घाटात उतरताना फुटतं ते हेच. मीटरचंही तसंच. आठ वर्षांच्या गाडीवर ९०,००० दिसत असतील, तर ती महिन्याला ९३७, दिवसाला ३१ किलोमीटर चालली असा अर्थ होतो. शक्य आहे. पण क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत होऊन लोखंड दिसत असेल, तर ते शक्य नाही.

वर धरलेल्या ७५,००० ची फोड अशी: चार टायर २८,०००, क्लचचा सेट मजुरीसकट १३,०००, पाटे आणि बुश ९,०००, ब्रेक ७,०००, बॅटरी ६,५००, ऑइल-फिल्टर-कूलंट ६,५००, वायरिंग, दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह टेप ५,०००. यात डेंटिंग-पेंटिंग नाही, आणि ते मुद्दामच. विकणारा रंगावर खर्च करतो कारण रंग दिसतो. घेणाऱ्याने पहिले पैसे ब्रेकवर घालावेत. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसलेली नसेल, तर ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८७९.

कागदांत सगळ्यात कमी पाहिला जाणारा आकडा आहे ३,००० किलो. एकूण वजन, आरसीवरचं जीव्हीडब्ल्यू, त्याच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. छोटा हत्ती त्यात बसतो. १.७ टन उचलणारी पिकअप स्वतःच पावणेदोन टनांच्या आसपास असते, ती बसत नाही. तिचं परमिट चालू आहे का ते पाहावं. लायसन्सची चिंता मात्र नको: ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही लायसन्स पुरतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलं. फिटनेस, विमा, पीयूसी आणि थकलेली ई-चलानं नंबरावरून परिवहनच्या संकेतस्थळावर दिसतात. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय व्यवहार करू नये. २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणाऱ्यावर तेवढाच दंड बसू शकतो, त्यामुळे बँकेतूनच पैसे गेलेले दोघांच्याही फायद्याचे.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की बरेच जण गाडी आपली झाली असं समजतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विम्यात नाव बदलायलाही १४ दिवस. ‘नो क्लेम बोनस’ जुन्या मालकाचा, तो गाडीबरोबर येत नाही. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी तीन-चार हात फिरते आणि आरसीवर पहिलंच नाव राहतं. अशा गाडीला अपघात झाला, तर भरपाईसाठी आरसीवरचा नोंदणीकृत मालकच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं आहे. सहा महिन्यांपूर्वी गाडी विकून मोकळा झालेला माणूस दाव्यात पहिला प्रतिवादी होतो. म्हणून ठरलेल्या रकमेतले वीस-पंचवीस हजार नाव बदलून आरसी येईपर्यंत लेखी करून मागे ठेवावेत. भला विकणारा त्याला नाही म्हणत नाही, कारण ती आरसी त्यालाही तेवढीच हवी असते.