मधुमेह, मूत्रपिंड आणि हालचालींचे विकार

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम हे नगर मराठी वाचकाला सर्वस्वी परके नाही. तंजावरच्या मराठी राज्याच्या काळात दक्षिणेत गेलेली अनेक घराणी त्या परिसरात स्थिरावली; त्रावणकोर, इंदूर व बडोदा या संस्थानांचे दिवाण झालेले राजा सर टी. माधवराव १८२८ मध्ये तेथेच जन्मले. या गावाची ‘डिग्री कॉफी’ प्रसिद्ध आहे. पितळी पेल्यातून ती उंचावरून पसरट वाटीत ओतायची, पुन्हा पेल्यात घ्यायची आणि थेंबही सांडू द्यायचा नाही. ओतणाऱ्याला यात काही विशेष वाटत नाही. परंतु एवढीशी क्रिया बिनचूक होण्यासाठी मेंदूच्या गाभ्यात फार मोठी व्यवस्था राबत असते.

हात उचलण्याची आज्ञा मेंदूच्या बाह्य थरातून निघते. मात्र हालचाल किती मोठी, किती वेगाची आणि कोठे थांबवायची, याचे नियमन मेंदूच्या तळाशी खोलवर असलेले चेतापेशींचे पुंज करतात. त्यांना ‘तल गुच्छिका’ म्हणतात. त्यांपैकी एका भागाचा आकार मसुरीच्या दाण्यासारखा असतो. या पुंजांचे काम अहोरात्र चालते. त्यांना शर्करा व प्राणवायू यांचा अखंड पुरवठा लागतो. म्हणून रक्ताच्या घटकांत मोठा बिघाड झाला की त्याची झळ त्यांना लवकर पोचते.

असा बिघाड होण्याचे एक ठळक कारण म्हणजे मूत्रपिंडांची अकार्यक्षमता. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. रक्तातील शर्करा वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, म्हणजे त्यांतील नाजूक रक्तवाहिन्या जाड व निकामी होऊ लागतात. मग यूरियासारखी त्याज्य द्रव्ये आणि अम्ले रक्तात साचतात. पहिल्या अवस्थेस मूत्रविषरक्तता व दुसरीस अम्लरक्तता असे म्हणतात. हा धोका किती जणांच्या दारात उभा आहे, हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने चेन्नईच्या मधुमेह संशोधकांनी केलेल्या पाहणीवरून कळते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह होता. प्रौढांतील हे प्रमाण ११.४ टक्के असून गोव्यात ते सर्वांत अधिक, म्हणजे २६.४ टक्के आढळले.

मधुमेह व मूत्रविषरक्तता एकत्र आली असता काही थोड्या रुग्णांत एक विलक्षण विकार उद्भवतो. काही तासांत किंवा दिवसांत मनुष्य मंद होतो. पाय जमिनीस खिळल्यासारखे वाटतात, बोलणे अस्पष्ट होते, अंग ताठरते. कोणाच्या बाबतीत याच्या उलट घडून हातपाय आपोआप नाचल्यासारखे हलू लागतात. वँग, ब्राउन व लीस यांनी १९९८ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे नोंदविले गेलेले बहुतेक रुग्ण आशियाई देशांतील होते. चुंबकीय तपासणीत, म्हणजे एम.आर.आय. चित्रात, दोन्ही बाजूंच्या तल गुच्छिका सुजलेल्या दिसतात. कित्येकदा मसुराकृती भागाच्या कडा उजळून जेवणाच्या काट्यासारखी आकृती उमटते. २०१० मध्ये कुमार व गोयल यांनी या खुणेकडे लक्ष वेधून ती अम्लरक्ततेशी निगडित असावी, असा विचार मांडला. मधुमेहाने आधीच दुबळ्या झालेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून ही सूज येत असावी, असे अनुमान आहे.

यात आशेची गोष्ट अशी, की सूज म्हणजे नाश नव्हे. रक्त यंत्राद्वारे शुद्ध करण्याची जी अपोहन, म्हणजे डायलिसिस, नावाची पद्धती विलेम कॉल्फ यांनी १९४३ मध्ये नेदरलंड्समध्ये मानवी रुग्णावर वापरली, तीच येथे उपयोगी पडते. अपोहन वाढवून अम्लता व शर्करा काबूत आणली, म्हणजे पुढील आठवड्यांत सूज ओसरू लागते. काही रुग्ण पूर्ववत चालू लागतात. काहींच्या हालचालींत मात्र मंदपणा कायम राहतो.

प्रत्येक थरथरीचे कारण हेच असते असे नाही. पायांची जळजळ शमविण्यासाठी मधुमेह्यांना देण्यात येणारी गाबापेंटिन व प्रीगाबालिन ही औषधे मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंडे थकली की ती शरीरात साचून स्नायूंना झटके देऊ लागतात. ओकारी थांबविणाऱ्या मेटोक्लोप्रामाइडमुळे कंपवातासारखी लक्षणे उद्भवू शकतात. पसरलेले हात पंख फडफडल्यासारखे एकाएकी खाली पडणे, हेही रक्तातील विषांचे जुने परिचित लक्षण आहे. म्हणून औषध देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरास मूत्रपिंडांची अवस्था आठवणीने सांगावी; स्वतःच्या विचाराने मात्र औषध सुरूही करू नये आणि बंदही करू नये.

घरातील मंडळींकडून चूक होते ती वेगळीच. आजोबांची चाल मंदावली, तर वय झाले असे म्हटले जाते. जीभ जड झाली, तर अर्धांगवायू समजून अंगाला तेल चोळले जाते. अर्धांगवायू बहुधा शरीराच्या एका बाजूस होतो, तर हा विकार दोन्ही बाजूंना व्यापतो. तथापि या भेदाचा निवाडा घरी करीत बसू नये. दोन्ही प्रसंगी त्याच दिवशी रुग्णालय गाठणे हेच कर्तव्य होय. अपोहनाची ठरलेली खेप दूरचा प्रवास किंवा शेतीच्या कामाची घाई यांमुळे टाळणे हेही तितकेच धोक्याचे. २०१६ मध्ये केंद्र शासनाने जिल्हा रुग्णालयांतून अपोहनाची सोय करून देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तो याच गरजेतून.

त्याही आधीची पायरी प्रत्येकाच्या हाती आहे. मूत्रपिंडांची झीज पुष्कळ काळ मुकाट्याने चालते. परंतु लघवीतील प्रथिन व रक्तातील क्रिअॅटिनिन यांची वर्षातून एकदा केलेली तपासणी तिला बोलती करते. मधुमेह्याने शर्करा व रक्तदाब आटोक्यात ठेवून ही तपासणी न चुकता करून घेतली, तर त्याच्या हातापायांवरील त्याची सत्ता अबाधित राहण्याची शक्यता कितीतरी वाढते.