तण काढावे, पण जमीन उघडी ठेवू नये

बिदर आणि कलबुर्गी हे कर्नाटकाच्या ईशान्य टोकाचे, महाराष्ट्र व तेलंगणाला भिडलेले जिल्हे. तूर, मूग, उडीद, सोयाबीन आणि रब्बी ज्वारी ही येथील प्रमुख पिके. बिदरचे बहुतांश पाणी मांजरा नदीतून गोदावरीला, तर कलबुर्गीचे भीमेतून कृष्णेला मिळते. मांजरेची उपनदी असलेल्या कारंजा नदीवरील जलाशयातून बिदर शहराची तहान भागते. त्यामुळे शेतातून पावसाबरोबर काय वाहून जाते, हा प्रश्न केवळ शेतकऱ्यापुरता उरत नाही.

या भागातील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. भेगा मिटल्यावर तिच्यात पाणी फार सावकाश मुरते. मग जोराची सर आली की पाणी माती घेऊन धावते. मातीच्या कणांना चिकटून स्फुरद जातो, पाण्यात विरघळून नत्र जाते आणि नुकत्याच फवारलेल्या तणनाशकाचा अंशही जातो. हीच खते जलाशयात शेवाळ व जलपर्णी पोसतात आणि गाळ साठवणक्षमता घटवतो.

याचे एक मूळ तणनियंत्रणाच्या जुन्या रीतीत आहे. रब्बीसाठी राखलेल्या रानात पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या घालून तण मारले जाते. रान स्वच्छ राहते. मात्र ऐन पावसात ते उघडे आणि भुसभुशीत असते. बिदरहून फार दूर नसलेल्या हैदराबादजवळील पटनचेरू येथे इक्रिसॅट या संस्थेने १९७६ पासून काळ्या जमिनीवर या रीतीची तुलना सुधारित पद्धतीशी केली. सुधारित पद्धतीत रुंद वरंबे व सऱ्या पाडून पावसाळ्यातच पीक घेतले गेले. जुन्या रीतीत दरवर्षी हेक्टरी सरासरी सुमारे ६.४ टन माती वाहून गेली, सुधारित पद्धतीत सुमारे १.५ टन. धान्याचे उत्पादन हेक्टरी एक टनाच्या आसपास होते, ते सुमारे पाच टनांवर गेले.

तुरीच्या शेतात हे तत्त्व सहज लागू पडते. तूर आरंभी सावकाश वाढते आणि तिच्या रुंद ओळींमधील जागा दीड-दोन महिने मोकळी राहते. तेथे मूग, उडीद किंवा सोयाबीन घेतल्यास पानांचे छत्र थेंबांचा मार झेलते आणि सावलीमुळे तणही दबते. मात्र छत्र मिटेपर्यंत एक-दोन कोळपण्या व खुरपणी टाळता येत नाही. तणनाशक वापरायचेच असेल, तर मोठ्या पावसाचा अंदाज असताना फवारणी करू नये.

वाळलेले आच्छादनही उपयुक्त असते. पण येथे त्याला मर्यादा आहे. ज्वारीचा कडबा जनावरांना लागतो आणि तुराट्या चुलीला. म्हणून जिरायत रानात जिवंत पिकाचेच आच्छादन व्यवहार्य ठरते. उसाची गोष्ट निराळी. तोडणीनंतरचे पाचट न जाळता सरीत पसरले, तर ओल टिकते आणि तण कमी उगवते.

बांधांबाबतही विवेक हवा. बांधावरची हराळी माती धरते, परंतु शेतात शिरली की काढता काढता नाकी नऊ येतात. तिच्याऐवजी समपातळी रेषेवर वाळा लावता येतो. त्याची मुळे खोल उभी जातात, तो हराळीसारखा पसरत नाही आणि दाट ठोंबांमुळे पाण्याचा वेग मोडून गाळ मागेच राहतो. गाजरगवत मात्र फुलावर येण्यापूर्वीच उपटावे. ओढ्याच्या काठावरील गवताची पट्टी खरवडून न काढता केवळ कापावी, कारण शेत आणि नदी यांच्यामधली ती शेवटची गाळणी असते.

पिकाशी स्पर्धा करणारे तण काढणे अपरिहार्य आहे. परंतु तण काढल्यावर तेथे दुसरे काही उभे नसेल, तर शेतातून तणाबरोबर मातीही जाते आणि तिच्याबरोबर शेतकऱ्याने विकत घेतलेले खतही.