बियाणे उगवले नाही? नशिबाला दोष देण्याआधी पावती शोधा

मृगाचा पाऊस पडला की कंधारपासून औशापर्यंत एकच विचारपूस सुरू होते: बॅग कोणती घेतली, उगवली का? आठ दिवसांनी शेत रिकामे दिसले की आपल्यातले बरेच जण "अल्लाहची मर्जी" म्हणतात आणि दुबार पेरणीसाठी उसनवारी करतात. पाऊस अल्लाहच्या हाती, हे खरेच. पण बॅगेतला माल सांगितल्यासारखा निघणे, ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे.

धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा दाखवणाऱ्या प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ओला माल वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले होते. लपलेला दोष निघाला तर माल परत करण्याचा हक्क फिकहमध्ये 'खियार-ए-ऐब' म्हणून ओळखला जातो. कोर्टात अर्थात देशाचा कायदाच चालतो, पण तोही इथे खरेदीदाराच्याच बाजूने बोलतो.

२०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी आल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने बातम्या वाचून स्वतःहून दखल घेतली होती. तक्रार करणारे शेतकरी वेडे नव्हते. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. बॅगेच्या टॅगवरचा आकडा म्हणजे तुमचा आणि कंपनीचा करारच समजा.

कंपन्यांचे नेहमीचे उत्तर असते: बियाण्याचा नमुना आणा, प्रयोगशाळेत तपासू. आता सगळे बियाणे मातीत गेल्यावर नमुना आणायचा कुठून? नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हाच मुद्दा निकाली काढला. शेतकऱ्याने नमुना राखून ठेवावा अशी अपेक्षा करता येत नाही, आणि बियाणे घेणारा शेतकरी 'ग्राहक'च आहे, असे न्यायालयाने सांगितले.

तरी पुरावा लागतोच. बॅग खालच्या बाजूने फोडा, म्हणजे टॅग आणि शिलाई शाबूत राहते. पक्की पावती घ्या, तीवर लॉट नंबर लिहून घ्या. ओळखीच्या दुकानदाराकडे मागायला संकोच नको. मूठभर बियाणे बाजूला ठेवले तर उत्तमच. उगवण झाली नाही तर त्याच दिवशी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोहोच घ्या. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतात येऊन पाहणी करते. तिच्याआधी शेत मोडू नका. पाऊस थांबत नाही हे आम्हाला कळते. मग निदान एक तुकडा तसाच ठेवा आणि फोटो काढा. कारण "खोल पेरले", "ओल कमी होती" हे उत्तर तयारच असते.

पुढचा दरवाजा जिल्हा ग्राहक आयोगाचा. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे आयोग आहे. कंपनी कुठलीही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. खरेदी पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षे. पैसे परत आणि नुकसानभरपाई, दोन्ही मागता येतात. फ्रीज-मिक्सरलाही हाच रस्ता. विचारपूस करायची तर १९१५ वर फोन लावा.

पुन्हा विकण्यासाठी माल घेणारे व्यापारी मात्र यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी १९३० चा माल विक्री कायदा आणि दिवाणी कोर्ट आहे. नमुन्याप्रमाणे माल आला नाही तर तो नाकारता येतो किंवा किंमत कमी मागता येते. पण माल स्वीकारून बसलात तर सहसा फक्त भरपाईच उरते. म्हणून गाडी उतरतानाच पोती उघडून बघा.