पर्वती 53 वेळा

जानेवारी 2004मध्ये आम्ही दोघं पहिल्यांदा श्रीलंकेला निघालो, तेव्हा निघणं हेच साहस होतं. तिथलं सरकार आणि तमिळ वाघ यांच्यात युद्धबंदी होऊन दोन वर्षं होत आली होती. पण पुण्यात ती बातमी कुणी फारशी मनावर घेतली नव्हती. सासूबाईंनी "तिथे बॉम्ब फुटतात ना गं?" असं तीनदा विचारलं. शेजारच्या काकांनी रावणावरून एक विनोद केला. पुढच्या वीस वर्षांत मी त्या बेटावर तीनदा जाऊन आले आणि एकदा तिकिटं काढून राहिले. तो विनोद चारही वेळा ऐकला, दर वेळी वेगळ्या माणसाकडून.

पहिल्या खेपेला टूरबरोबर गेलो होतो. बसमध्ये चढता-उतरता माणसं मोजली जात. छापील कार्यक्रमात 'साहसी अनुभव' म्हणून एकच ओळ होती: बेंतोटाच्या नदीत मोटरबोटीची फेरी. ती फेरी तासाभराची निघाली. काठावरच्या खारफुटीत एक पोरगा मगरीचं पिल्लू धरून उभा होता, ते हातात घ्यायचं, फोटो काढायचा, पैसे द्यायचे. पिल्लाच्या तोंडाला दोरी बांधलेली होती. माझा फोटो अजून आहे. त्यात मगरीपेक्षा मीच जास्त घाबरलेली दिसते.

सिगिरियाला मात्र जीव चडफडला. पाचव्या शतकात काश्यप नावाच्या राजाने बापाला मारून गादी घेतली आणि भावाच्या भीतीने एका उभ्या कातळावर राजवाडा बांधला. आजूबाजूच्या सपाट जंगलातून तो कातळ पावणेदोनशे मीटर सरळ वर उठतो. साधारण 1,200 पायऱ्या. आमच्या टूर लीडरनं घड्याळ बघून पाऊण तास दिला. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या माणसाला पाऊण तास! भित्तिचित्रांपर्यंत पोचलो. अजिंठा पाहिलेल्याला त्या बायका ओळखीच्या वाटतात, फक्त इथे त्या ढगांतून कमरेपर्यंतच वर आलेल्या. तिथूनच शिट्टी वाजली आणि परत फिरलो. वरचे सिंहाचे पंजे, त्यांच्यामधून जाणारा जिना, माथा, सगळं राहिलं.

त्याच वर्षी 26 डिसेंबरला त्सुनामी आली. हिक्कदुवाजवळ पेरलिय इथे अख्खी आगगाडी लाटेनं उचलून फेकली. अकरा महिन्यांपूर्वी आमची बस तिथूनच गेली होती आणि 'समुद्र किती जवळ आहे बघा' म्हणून मी खिडकीतून तीन फोटो काढले होते. ते अल्बममध्ये लावायचे राहिले ते राहिलेच.

मे 2009मध्ये युद्ध संपलं. फेब्रुवारी 2012मध्ये आम्ही परत गेलो, या वेळी सिंहगडच्या ग्रुपमधले सहा जण, टूरशिवाय. व्हिसाचं नुकतंच ऑनलाइन झालं होतं. ते वर्ष पुण्यात सगळ्यांच्याच अंगात डोंगर शिरल्याचं होतं. गिरिप्रेमीची टीम एव्हरेस्टच्या तयारीत होती आणि मे महिन्यात त्यांचे आठ जण माथ्यावर पोचलेही. आमचा एव्हरेस्ट 2,243 मीटरचा होता: श्रीपाद. माथ्यावरच्या खडकातला पाऊलठसा बौद्धांना बुद्धाचा, हिंदूंना शंकराचा, मुसलमानांना आणि ख्रिस्त्यांना आदमचा. चढायचं ते रात्री, सूर्योदयाला माथ्यावर असायचं. नल्लतन्निच्या बाजूनं पायऱ्या सुमारे 5,500.

नवऱ्यानं लगेच हिशोब मांडला. पर्वतीच्या पायऱ्या 103. म्हणजे पर्वती 53 वेळा. डिसेंबरपासून आम्ही रोज पहाटे पर्वतीला जाऊ लागलो. आधी पाच फेऱ्या, मग दहा, शेवटी पंधरा. रोज फिरायला येणारे आजोबा एकदा थांबून म्हणाले, "काही नवस आहे का?"

रात्री दोनला निघालो. दिव्यांची माळ डोंगरावर आभाळापर्यंत गेलेली, आणि ती माळ म्हणजेच आपली वाट आहे हे कळायला थोडा वेळ लागला. आमच्या अंगावर ट्रेकिंगचे बूट, हेडलॅम्प, पाठीवर पाण्याच्या पिशव्या. शेजारून पांढऱ्या साडीतल्या सत्तरीच्या आजीबाई अनवाणी जात होत्या, एका हाताला नात, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. वाटेत चहाच्या टपऱ्या. सुरुवातीच्या पायऱ्या रुंद आणि सावकाश, म्हणून पहिल्या तासात फसायला होतं. शेवटच्या टप्प्यात त्या इतक्या उभ्या होतात की लोखंडी कठड्याला धरून स्वतःला वर ओढावं लागतं, आणि गर्दी असेल तर एका पायरीवर दहा मिनिटं उभं. घाम गार पडतो. आम्ही 'उष्ण कटिबंधातला देश' म्हणून स्वेटर हॉटेलवर ठेवून आलो होतो. फक्त ग्रुपमधल्या एकानं कानटोपी आणली होती आणि त्यावरून संध्याकाळी त्याची यथेच्छ थट्टा झाली होती. पहाटे पाचला माथ्यावर त्या टोपीकडे पाचही जण कसे बघत होते, ते लिहिण्यासारखं नाही.

सूर्य उगवला तेव्हा सगळे पूर्वेकडे बघत होते. मग कुणीतरी खांद्याला हात लावून मला मागे वळवलं. पश्चिमेच्या धुक्यावर डोंगराची सावली पडली होती, आखून काढल्यासारखी त्रिकोणी. डोंगर मात्र मुळीच तसा त्रिकोणी नाही. माथ्यावर एक घंटा आहे. जितक्या वेळा चढून आलात तितके टोल द्यायचे. मी एक दिला. माझ्या मागच्या म्हाताऱ्यानं सुरुवात केली ती थांबेनाच. तेवीसपर्यंत मोजलं आणि नाद सोडला.

उतरताना कळलं की पर्वतीचा हिशोब चुकला होता. पर्वतीवर 53 वेळा चढणं जमेल, पण तेवढंच उतरणंही असतं, ते कुणीच मोजलं नव्हतं. पुढचे दोन दिवस हॉटेलचा जिना आम्ही उलटे, पाठमोरे उतरत होतो.

त्यामुळे राफ्टिंगला सगळे खुशीनं तयार झाले, बसून करायचं साहस म्हणून. कितुलगल हे केलनी नदीकाठचं गाव. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' हा 1957चा सिनेमा थायलंडच्या नावाखाली इथेच काढला. पुलाच्या पायाचे अवशेष गाइड अजून दाखवतो. राफ्टमध्ये बसण्याआधी आमच्यातल्या एकानं खास पुणेरी प्रश्न विचारला: पाणी कुठून येतं? गाइड म्हणाला, वर लक्षपानची वीजकेंद्रं आहेत, त्यांनी पाणी सोडलं की नदीला जोर चढतो.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. कोलाडला कुंडलिकेतलं राफ्टिंग आम्ही सगळ्यांनी केलेलं होतं, तिथेही हाच प्रकार. सकाळी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सुटतं आणि मग राफ्ट निघतात. ते पाणी मुळशीचं. सह्याद्रीवर पडलेला जो पाऊस मुळेतून पुण्याकडे यायचा, तो टाटांच्या धरणानं अडवला, डोंगरातून कोकणात उतरवला, त्यावर वीज केली आणि उरलेला प्रवाह कुंडलिकेत सोडला. त्या धरणाविरुद्ध 1921मध्ये सेनापती बापटांच्या पुढाकारानं मुळशीचे शेतकरी सत्याग्रहाला बसले होते. जमिनी गेल्या त्या गेल्याच. आज आपण हेल्मेट घालून 'फॉरवर्ड, फॉरवर्ड' ओरडत ज्या लाटेवर उडतो, ती त्या बुडालेल्या गावांवरून आलेली असते. कितुलगलच्या पाण्याखाली काय बुडालंय, हे आम्ही विचारलं नाही. तिसऱ्या लाटेला मी राफ्टमधून बाहेर पडले, नाकातोंडात पाणी गेलं आणि इतिहास बाजूला राहिला.

त्या खेपेला सिगिरिया पूर्ण केलं. सिंहाच्या पंज्यांपाशी 'शांत राहा' अशा पाट्या आहेत, कारण कड्याला मधमाश्यांची पोळी लटकलेली. जाळी लावलेले पिंजरेही आहेत, माश्या उठल्या तर माणसांनी आत पळायचं. सह्याद्रीत आग्या मोहोळाचे प्रताप ऐकलेली आमची मंडळी तिथे जितकी गप्प होती, तितकी मी त्यांना आधी आणि नंतर कधीही पाहिली नाही.

आणि हॉर्टन प्लेन्सचं 'वर्ल्ड्स एंड' हुकलं. आठशे मीटरहून जास्त सरळ तुटलेला कडा, कोकणकड्याचा थोरला भाऊ म्हणा. तिथे दहाच्या आत पोचावं लागतं, मग खालून ढग चढतात. आम्ही साडेनवाला पोचलो आणि समोर पांढरा पडदा. कोकणकड्यावर ढगांनीच इंद्रवज्राचं गोल इंद्रधनुष्य दाखवलं होतं, त्या आशेवर तासभर बसलो. काही नाही. एक सांबर मात्र येऊन आमच्या पिशव्या हुंगून गेलं. त्यातही काही नव्हतं, कारण प्रवेशद्वारावर वनरक्षकांनी बिस्किटांचे पुडे आणि पाण्याच्या बाटल्यांवरची लेबलंसुद्धा काढून घेतली होती. सिंहगडावर असं कुणी करायला लागलं तर पहिल्याच रविवारी हाणामारी होईल.

2019च्या मे महिन्याची तिकिटं काढली होती. 21 एप्रिलला ईस्टरच्या दिवशी चर्च आणि हॉटेलांत स्फोट झाले, अडीचशेहून जास्त माणसं गेली. तिकिटं रद्द. मग कोविड. मग 2022: पेट्रोलच्या रांगा, राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यातल्या तरणतलावात डुंबणारे लोक. ते टीव्हीवर बघताना मला कितुलगलचा गाइड आठवला, ज्याचं सगळं पोट राफ्ट नदीपर्यंत नेणाऱ्या त्या एका जुन्या जीपवर चालत होतं.

फेब्रुवारी 2024मध्ये गेलो ते आम्ही दोघंच. मी 52ची, नवरा 55चा, ग्रुपमधल्या निम्म्यांचे गुडघे संपलेले. भारतीयांना तेव्हा व्हिसा फुकट होता आणि आपल्या एका रुपयाला त्यांचे पावणेचार मिळत होते; 2012मध्ये सव्वादोन-अडीच मिळायचे. हॉटेलच्या मेनूकार्डावर जुन्या किमतींवर नव्या किमतींच्या चिठ्ठ्या डकवलेल्या, काही ठिकाणी एकावर एक तीन. त्या नखानं उचकटून बघितल्या की त्या देशाची दोन वर्षं दिसत.

मिरिस्साला निळा देवमासा पाहिला. म्हणजे त्याची पाठ पाहिली, आणि त्याआधी दोन तास बोटीच्या कठड्यावर ओणवं होऊन समुद्र अगदी जवळून पाहिला. एका पाठीभोवती आठ बोटी. 2004च्या मगरीच्या पिल्लाची आठवण झाली. दोरी तेवढी नव्हती.

खरं साहस रिक्षाचं. परदेशी माणसांना तिथे रिक्षा भाड्याने मिळते, स्वतः चालवायला. पुण्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना न्यायचा, तिथला आणखी एक परवाना तेव्हा भाड्याने देणारेच काढून देत. तिथल्या बहुतेक रिक्षा बजाजच्या. नवरा ऐटीत पुढे बसला आणि गाडी चार वेळा बंद पाडून उतरला. त्याची सगळी तरुणाई कायनेटिक होंडावर गेलेली, गिअर कशाशी खातात ठाऊक नाही. मी बसले. डाव्या हातात क्लच, तीच मूठ पिळून गिअर. हात आपोआप वळला. वडिलांची चेतक! सदाशिव पेठेतल्या बोळात, ते दुपारी झोपले की चोरून शिकलेली. 'क्लच हळू सोड' हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, कारण मी चालवते हे त्यांना पुढे दोन वर्षं कळलंच नाही.

एल्लहून रावण धबधब्याकडे उतरणारा रस्ता म्हणजे कात्रजच्या जुन्या घाटाला चहाचे मळे लावल्यासारखा. उतरताना दुसऱ्या गिअरवर राहिले, ब्रेक तापू दिले नाहीत, मागे बसलेला नवरा "बस येतेय, बस येतेय" एवढंच म्हणत होता. श्रीलंकेतल्या सरकारी बसला आपण रस्त्यात आहोत हे दिसत नसावं. परत चढताना, एल्ल दोनेक किलोमीटर राहिलं असताना, रिक्षानं खोकून मान टाकली.

चढावर रिक्षा ढकलणं हे कुठल्याच यादीत नसतं. पंधरा मिनिटांनी एक पत्र्याचं गॅरेज आलं. विशीतला पोरगा बाहेर आला, मला "अक्का" म्हणाला. सिंहलीतही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, त्यामुळे क्षणभर वाटलं, कोल्हापूरचाच कुणीतरी भेटला. त्यानं सीट उचलली, प्लग काढला, शर्टाला पुसला, लावला. "हरी, हरी," म्हणाला. म्हणजे 'ठीक आहे'. एवढा भक्तिभाव कशाला, असं माझ्या नवऱ्याला वाटलं, ते त्यानं मराठीतून बोलून दाखवलं.

कुठून आलात, त्यानं विचारलं. पुणे म्हटल्यावर काही उमटलं नाही. मग नवऱ्यानं रिक्षावरच्या 'बजाज' या अक्षरांवर बोट ठेवलं आणि स्वतःच्या छातीवर. पोरगा एकदम कामाचं बोलू लागला. 2020पासून गाड्यांची आयात बंद, आहेत त्याच रिक्षा रेटायच्या, सुटे भाग महाग. तुमच्याकडे कार्ब्युरेटर केवढ्याला पडतो? त्यानं कागदाच्या कपट्यावर भागांची नावं लिहून दिली, पुढच्या वेळी घेऊन या म्हणाला, प्लगचे पैसे घेतले नाहीत.

परत आल्यावर मी तो कपटा घेऊन नाना पेठेत गेले. दुकानदारानं चष्मा वर करून वाचला आणि म्हणाला, "मिळेल ना. गाडी कुठल्या सालची आहे, बाई?"

ते विचारायचं राहिलं होतं.