काचेवरील लेसर-मुद्रण

कागद शाई शोषून घेतो. काच तसे काही करीत नाही. तिच्यावर टिकाऊ रंग हवा असेल तर त्या रंगालाही अखेर काचच व्हावे लागते. म्हणून काच-सजावटीच्या धंद्यातील शाई म्हणजे लवकर वितळणाऱ्या काचेचे चूर्ण, रंगद्रव्य म्हणून घातलेली धातूंची ऑक्साइडे आणि त्यांना धरून ठेवणारे तेलकट माध्यम यांचे मिश्रण होय. सुमारे ६०० ते ७०० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत माध्यम जळून जाते व चूर्ण वितळून पृष्ठाशी एकजीव होते.

हे मिश्रण काचेवर पसरण्याची रूढ रीत स्क्रीन प्रिंटिंगची. शंभर तावदानांवर एकच नक्षी हवी असेल तर हिच्यासारखी सोयीची रीत नाही. मात्र प्रत्येक रंगाला स्वतंत्र जाळी लागते, आणि तावदानागणिक नक्षी बदलावयाची असेल तर ती परवडत नाही. संगणकाच्या आज्ञेने थेंब फेकणाऱ्या इंकजेट यंत्रांनी ही अडचण सोडविली खरी, परंतु तिच्या जागी दुसरी उभी केली. बारीक तोटीतून जावयाचे तर शाई पातळ हवी आणि तिच्यातील कण सामान्यतः एका मायक्रॉनहून लहान हवेत. रंगद्रव्य इतके दळले की त्याची छटा फिकी पडते; शिवाय पातळ शाईत जड कण तळाशी बसू लागतात. म्हणजे रंग कसा असावा हे काच ठरवीत नाही, तोटी ठरविते!

लेसर-मुद्रणात ही तोटीच नाहीशी होते. कार्यालयातील लेसर प्रिंटरशी याची गल्लत करू नये; तेथे किरण केवळ विद्युत्भारित रुळावर प्रतिमा रेखाटतो. येथे तो शाईलाच ढकलतो. पारदर्शक पट्टीच्या खालच्या अंगाला शाईचा पातळ थर दिलेला असतो आणि त्याखाली किंचित अंतरावर काच असते. वरून आलेला लेसरचा स्पंद पट्टी ओलांडून थरात शोषला जातो. तेथे क्षणार्धात बाष्पाचा बुडबुडा फुगून शाईचा लहानसा अंश काचेवर जाऊन बसतो. बोहँडी, किम व एड्रियन यांनी १९८६ साली एक्सायमर लेसरने तांब्याचा थर असाच एका पृष्ठावरून दुसऱ्यावर नेल्याचे प्रसिद्ध केले. त्यांचा थर घन धातूचा होता. दाट शाईला तेच तत्त्व पुढे लावण्यात आले.

प्रस्तुत लेखकाच्या मते या पद्धतीचे महत्त्व नक्षीच्या स्वातंत्र्यापेक्षा द्रव्याच्या स्वातंत्र्यात अधिक आहे. मोटारीच्या मागील काचेवरील दव घालविणाऱ्या रेघांचेच उदाहरण घ्यावे. त्या चांदीच्या असतात. चांदी ९६२ अंशांना वितळते, पण तिचे कण भट्टीतील त्याहून बऱ्याच कमी तापमानातही एकमेकांना चिकटून वाहक रेघ बनते. रेघेचा रोध कमी ठेवावयाचा तर पुरेशी चांदी असलेली दाट पेस्टच हवी, आणि ती तोटीला मानवत नाही. चांदीचा एक जुना स्वभाव मात्र येथेही आडवा येतो: तिचे आयन तापलेल्या काचेत शिरून पिवळा-तपकिरी डाग पाडतात. युरोपातील चर्चच्या खिडक्यांवर चौदाव्या शतकापासून हाच पिवळा रंग मुद्दाम आणला जात असे. मोटारीच्या काचेत तो दोष ठरतो.

शाई काचेवर बसली तरी भट्टी चुकत नाही, आणि खरी कसोटी तेथेच आहे. युरोपीय मानकानुसार दृढीकरण केलेल्या साध्या फ्लोट काचेचे वाकण-बल प्रति चौरस मिलिमीटर १२० न्यूटन धरतात. तीच काच एनॅमल चढवून त्या बाजूने ताणली तर ७५ न्यूटनच धरावे लागते. थर व काच यांचे औष्णिक प्रसरण जुळले नाही तर सांध्यात ताण उरतो. त्यातच काळा पट्टा भट्टीतील उष्णता शेजारच्या स्वच्छ काचेहून अधिक शोषतो, त्यामुळे दोहोंच्या सीमेवर काच वेडीवाकडी होऊन तिच्यातून दिसणारे दृश्य विकृत होते. नक्षी जितकी मुक्त, तितक्या अशा सीमा अधिक. म्हणून आकृती रेखाटणाऱ्याने भट्टीतील उष्णतेचे वाटपही आधीच गणितात धरावयास हवे.