जुळ्या कोकरांचा जनुक

परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं. तिथं शिकताना आम्ही मेंढीची जात नजरेनं ओळखायचो. काळी लोकर, बाकदार नाक, लोंबते कान, म्हणजे दख्खनी. पेरूतला अल्पाकावाला धाग्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजून नर निवडतो. आपला धनगर मेंढ्याच्या पाठीवरून हात फिरवून.

पण कूस वरून दिसत नाही. दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. सुंदरबनातली चिमुकली गारोल मात्र सहज जुळी देते, कधी तिळीही. ही किमया ‘फेकबी’ या एका जनुकाची. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं १९९०च्या दशकात गारोलचा दख्खनीशी संकर सुरू केला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा दख्खनीकडे वळवल्या. अंग भरदार हवं होतं, गारोलसारखं इवलंसं नको. रक्ताच्या थेंबातून जनुक तपासला की कोणता मेंढा कळपात ठेवायचा ते ठरतं. त्यातून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढीची जात उभी राहिली.

मला हे काम फार मोलाचं वाटतं. मात्र जुळ्यांना दूध पुरायला हवं. गाभण मेंढीला शेवटच्या दीड महिन्यात खुराक वाढवावाच लागतो, आणि तो माळरानावर फुकट मिळत नाही.