बाळाची चोखणी

पनवेलहून उरणच्या दिशेने निघाले, की खाडीच्या अंगाला गव्हाण नावाचे गाव आहे. पूर्वी त्याच्या आसपास भातखाचरे आणि मिठागरे दिसत. आता एका बाजूस नवी मुंबईचा विमानतळ झाला आहे, दुसऱ्या बाजूस न्हावा-शेव्याचे बंदर आहे, आणि समुद्रावरून थेट मुंबईस पोचणारा अटल सेतूही जवळच आहे. भोवताल असा पालटला, तरी तेथील एका घरी मी पाहिलेला प्रसंग कोणत्याही काळातला आणि कोणत्याही गावातला वाटावा असा होता.

त्या घरात सात महिन्यांचे बाळ होते. त्याच्या खालच्या हिरडीतून दोन पांढरी टोके नुकतीच डोकावू लागली होती. ते सारखी लाळ गाळी, किरकिर करी, आणि पाळण्याची दोरी, आईचा पदर, स्वतःची मूठ, जे हाती लागेल ते तोंडात घाली. आजीने त्याच्यासाठी एक खारीक काढून ठेवली होती. मावशीने मुंबईहून रबरी चोखणी आणली होती, आणि ती हरवू नये म्हणून दोऱ्यात ओवून बाळाच्या गळ्यात बांधली होती. सावंतवाडीहून आलेली एक लाकडी, रंगीत चोखणीही फळीवर होती. “यांतले चांगले कोणते, ते तुम्हीच सांगा,” असे आजी मला म्हणाल्या. प्रश्न साधा होता. परंतु उत्तर देण्यास मला बराच वेळ लागला.

मुलांनो, दुधाचे दात काही सहाव्या महिन्यात तयार होत नाहीत. बाळ आईच्या पोटात असतानाच त्यांचे कोंब हिरड्यांत धरलेले असतात. साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास खालचे मधले दोन दात वर येतात, आणि तिसरे वर्ष सरेपर्यंत वीसही दात पुरे होतात. दात वर येताना हिरडी हुळहुळते. तिच्यावर काही दाबले की बरे वाटते, म्हणून बाळ चावत सुटते. या दिवसांत मुलाला जोराचा ताप आला किंवा जुलाब झाले, तर ‘दातांचे आहे’ म्हणून पुष्कळ लोक स्वस्थ बसतात. ही समजूत खरी नाही. जमिनीवरची मळकी वस्तू तोंडात गेल्याने जुलाब होऊ शकतात, आणि त्यांवर डॉक्टरांचाच उपाय करावा लागतो.

आता खारकेचे पाहू. सुकी खारीक टणक असते, आणि तिची गोडी बाळाला आवडते. पण लाळेने भिजली की ती मऊ पडते आणि तिचा तुकडा सुटतो; आत बी असते ती वेगळीच. पुढच्या दातांनी तुकडा तोडता येतो, परंतु तो बारीक करणाऱ्या दाढा बाळाला अजून आलेल्या नसतात. त्याची श्वासनलिका तर तुमच्या पेन्सिलीइतकीही रुंद नसते. तिच्यात तुकडा अडकला, तर श्वास बंद होण्यास काही क्षणच पुरतात. “माझी चार मुले खारकेवरच वाढली,” असे आजी म्हणाल्या. ते खरेच होते. तरी मी खारीक बाजूला ठेवावयास सांगितले.

रबरी चोखणी पाहावयास क्षुद्र वस्तू. पण तिच्या प्रत्येक भागामागे कोणत्या तरी अपघाताची भीती आहे. बाळाने चोखावयाचे मऊ टोक आणि बाहेर धरावयाची कडी यांच्या मध्ये एक तबकडी असते. ती तोंडापेक्षा रुंद हवी, म्हणजे अख्खी चोखणी तोंडात शिरत नाही. आणि एवढे करूनही ती शिरलीच तर? म्हणून तबकडीला निदान दोन भोके ठेवतात. ही भोके शोभेची नव्हेत. चोखणी घशाशी अडकली, तर त्यांतून थोडी तरी हवा आत जावी, एवढ्यासाठी ती आहेत. अमेरिकेत १९७८ सालापासून लागू झालेल्या नियमांत प्रत्येक भोक किमान ५ मिलिमीटरचे असावे, असे सांगितले आहे. त्याच नियमांप्रमाणे चोखणी सहा वेळा उकळतात, थंड करतात, आणि मग सुमारे साडेचार किलो वजनाइतक्या जोराने १० सेकंद ओढून पाहतात. तुकडा निघालाच, तर तो ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या एका नळकांड्यात टाकतात. आपल्या दहा रुपयांच्या नाण्याहून हे तोंड थोडेसेच मोठे असते. तुकडा त्यात पूर्णपणे मावला, की ती चोखणी बाद!

दात आलेल्या बाळाची अडचण याहून निराळी आहे. मऊ टोक चोखण्यासाठी केलेले असते, चावण्यासाठी नव्हे. नैसर्गिक रबर चिवट असते, पण उन्हाने आणि वारंवार उकळण्याने ते चिकट होऊन तडकते. सिलिकोन उष्णता चांगली सोसते. मात्र दाताने एकदा चीर पडली, की ती वाढत जाते. म्हणून काही कारखानदार सांधा न ठेवता सबंध चोखणी एकाच ओतीव तुकड्याची करतात. मला तीच रचना अधिक शहाणपणाची वाटते. तरीसुद्धा रोज देण्यापूर्वी टोक ताणून पाहावे लागते. गळ्यातला दोरा तर कोणत्याच चोखणीला नको. पाळण्याच्या खुंटीत किंवा बाळाच्या हातात तो अडकला, तर त्याचा फास बसतो.

लाकडी चोखणी मी हाती घेतली आणि क्षणभर तिच्याकडे पाहतच राहिलो. सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. ही चोखणीही एकाच लाकडाची कातलेली होती. तिला सांधा नव्हता, अणकुची नव्हती. अशा वस्तूवर लाखेचा रंग देण्याची रीत मोठी गमतीची आहे. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. लाख ही पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरील किड्यांपासून मिळते. भीती लाखेची नाही, तिच्यात मिसळलेल्या किंवा वरून फासलेल्या रंगाची आहे. काही तेलरंगांत शिसे असते. ते पोटात गेले, की मुलाच्या मेंदूच्या वाढीस अपाय होतो, आणि त्याचे निर्धोक असे प्रमाणच आढळलेले नाही. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे, असा भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून नियम आहे. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असण्याची सक्ती १ जानेवारी २०२१ पासून झाली. मात्र नोंदणी झालेल्या हस्तकारागिरांना तिच्यातून सूट आहे. ती न्याय्यच आहे, पण तिच्यामुळे रंग कोणता वापरला हे आपणच विचारावे लागते. या चोखणीचा रंग ओल्या फडक्याला लागला. घरी कोणालाही त्याविषयी माहिती नव्हती. मी ती पुन्हा फळीवर ठेवली.

एवढ्यात आजींनी रबरी चोखणी मधात बुडवण्यासाठी वाटी आणली. मधात कधी कधी एका घातक जंतूची बीजे असतात, म्हणून वर्षाच्या आतील बाळास मध देत नाहीत, हे बाळाच्या आईला दवाखान्यात सांगितले होते. तिने वाटी हळूच उचलून नेली आणि येताना कात्री आणून गळ्यातला दोरा कापला. मग तिने चोखणी उजेडात धरून ताणली. टोकाच्या बुडाशी केसाएवढी चीर होती. मावशींचा चेहरा उतरला.

“मग आता याने चावायचे तरी काय?” आजींनी विचारले.

मी त्यांना साबणाने हात धुऊन बोट बाळाच्या हिरडीवर हलके फिरवावयास सांगितले. त्यांनी तसे केले. बाळाने किरकिर थांबवली, डोळे मोठे केले, आणि ते बोट आपल्या दोन नव्या दातांनी असे काही चावले, की आजी ओरडल्याच.